भिवंडी, डिसेंबर १९९२ : न झालेल्या दंगलीचा अभ्यास

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाला विकसनशील देशांमधला संघर्ष, शांतता आणि राष्ट्रीय अस्मिता असा भाग असतो. मुलं रवांडा, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका पाठ करून येतात आणि उत्तरपत्रिकेत नीट उतरवतात. वर्गात राबोडीची, मुंब्र्याची, कळव्याची, भिवंडीची मुलं एकाच बाकावर बसलेली असतात. पण या विषयातलं एक मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडून गेलंय, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नसतं; भिवंडीच्या मुलांनाही नाही. मला याची मनापासून खंत वाटते. म्हणून हे प्रकरण लिहून काढलं.

प्रश्न साधा आहे. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरात, आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसं मेली. भिवंडीचं नाव तोवर दंगलीला जोडूनच घेतलं जायचं. ती भिवंडी मात्र त्या दिवसांत शांत राहिली. असं का झालं?

आधीची भिवंडी

शांत राहिली यात विशेष काय, हे कळण्यासाठी मागे जायला हवं.

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत ठिणगी पडली. लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. दोन्ही समाजांतल्या जातीय संघटनांनी आधीची काही वर्षं वातावरण कसं तापवत नेलं, आसपासच्या गावांतून काठ्यांना झेंडे बांधून माणसं मिरवणुकीत कशी आली, हे सगळं त्यांच्या अहवालात तपशिलाने आहे. तात्कालिक कारण म्हणून आयोगाने मिरवणुकीतल्या चिथावणीखोर वागण्याकडे आणि त्यामागच्या राष्ट्रीय उत्सव मंडळाकडे बोट दाखवलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पोलिसांविषयीचा भाग. भिवंडीतल्या गुन्ह्यांच्या तपासासाठी जे खास पथक नेमलं होतं, त्याचा तपास मुसलमानांच्या विरोधात एकतर्फी होता, असा ठपका आयोगाने ठेवला. म्हणजे दंगल शमल्यावरही भिवंडीतल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या मनात पोलीस आपला नाही हे पक्कं बसलं, आणि ते बसायला कारण होतं.

मे १९८४ मध्ये पुन्हा भडका उडाला. या वेळी भिवंडीबरोबर ठाणे, कल्याण, मुंबई. लष्कर बोलवावं लागलं. मृतांचा आकडा अडीचशेच्या वर गेला.

तेव्हा मी शाळेत होते. मे महिना म्हणजे भिवंडीला मामाकडे, हे आमचं ठरलेलं. मामा कासार आळीत राहायचा, सुताचा व्यापार करायचा. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. मामी आणि दोन्ही मामेभावंडं एक ट्रंक घेऊन ठाण्याला आमच्याकडे आली. मामा मागे राहिला. आठ-दहा दिवसांनी आला तेव्हा त्याने आईपुढे खातेवही ठेवली आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे आता मागायचं नाही." निजामपुऱ्यातल्या एका मोमीन (विणकर मुसलमान) यंत्रमागवाल्याची उधारी होती. माग जळाले होते. मामाने सूत दिलं होतं, त्यांनी कापड काढायचं होतं. पंधरा वर्षांचा व्यवहार होता.

ही आठवण इथे सांगते त्याला कारण आहे. भिवंडीविषयी बोलताना लोक हमखास म्हणतात की इथे धंद्याने माणसं बांधलेली आहेत, म्हणून शांतता टिकते. धंद्याने बांधलेली आहेत हे खरं. सूत मारवाडी-गुजराती-मराठी व्यापाऱ्याचं, माग मोमिनांचे आणि तेलुगू पद्मशाली विणकरांचे, मागावर उभा राहणारा कारागीर उत्तर प्रदेशातला, बिहारचा किंवा तेलंगणातला, बीम (सूत गुंडाळलेले रूळ) आणि तागे वाहणारा हमाल आणखी कुठला, गाळ्याची जमीन आसपासच्या आगऱ्यांची. एकाचा हात निघाला तर दुसऱ्याचं पोट थांबतं. पण ही गुंतागुंत १९७० ला होती, १९८४ लाही होती. माणसं एकमेकांवर अवलंबून होती आणि तरी माग जळाले. म्हणून नुसता धंदा हे उत्तर पुरत नाही. वर्गात मी मुलांना आधी इथेच थांबवते, कारण अर्धी मुलं हेच उत्तर लिहून मोकळी होतात.

दुसरं, "हिंदू-मुसलमान" ही जोडी भिवंडीला फार ढोबळ पडते. इथला कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्याच्या घरातली बोली मराठीच्या सख्ख्या नात्यातली. मोमीन उत्तरेकडून आलेला, उर्दू बोलणारा. या दोघांत सोयरीक सहसा होत नसे. पद्मानगरात दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू दिसते. गावठाणातला आगरी स्वतःला इथला मूळचा मानतो, आणि कासार आळी, ब्राह्मण आळीतली माणसंही तसंच मानतात. दंगलीचं काम एवढंच असतं की या सगळ्या ओळखी एका रात्रीत पुसून दोनच उरवायच्या. त्या दोन ओळखींनाच मग "राष्ट्र" आणि "राष्ट्राबाहेरचे" अशी नावं पडतात. १९७० च्या मिरवणुकीमागच्या मंडळाच्या नावात "राष्ट्रीय" होतं, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. शिवाजी महाराज हे साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा गाभा. पण मिरवणूक कुणाची, कुठल्या रस्त्याने, कुणाच्या दारावरून, कुणाच्या अंगावर गुलाल उडवत, हे ठरवताना तो गाभा सगळ्यांचा उरला नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांत हेच घडलेलं दिसतं. झेंडा, भाषा, सण, इतिहासातला थोर पुरुष ही सगळ्यांची म्हणून असलेली चिन्हं एका गटाने ताब्यात घेतली की उरलेल्यांना आपल्याच देशात भाडेकरू झाल्यासारखं वाटू लागतं.

१९८८ : काय बदललं

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, त्यामुळे हा ठाण्याच्याच पोलिसांचा प्रयोग म्हणायला हवा.

शांतता समित्या तोवर नव्हत्या असं नाही. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात बैठक व्हायची. दोन्ही बाजूंचे पुढारी, नगरसेवक, मोठे व्यापारी, धर्मगुरू यायचे. चहा व्हायचा, ऐक्याची भाषणं व्हायची, दुसऱ्या दिवशी फोटो छापून यायचा. मामा या बैठकांना "हारतुऱ्यांची समिती" म्हणायचा. या समित्यांची अडचण दुहेरी होती. आलेली माणसं आपल्या समाजाच्या नावाने आलेली असायची, म्हणजे प्रत्येकाला तिथे आपल्या समाजाचंच बोलावं लागायचं. आणि काही वेळा तणाव ज्यांच्या फायद्याचा, तेच समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असायचे.

खोपड्यांनी मोजमापाचं एकक बदललं. समाजाऐवजी मोहल्ला धरला. प्रत्येक वस्तीची वेगळी कमिटी, तिच्यात दोन्ही समाजांची साधी माणसं बरोबरीने, आणि ती चालवायला त्या भागातला पोलीस अधिकारी. अशा सत्तरच्या आसपास मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्या सणापुरत्या नव्हत्या, वर्षभर नियमाने भरायच्या. पुढाऱ्यांना तिथे मुद्दाम मोठी खुर्ची नव्हती.

मामा अशाच एका कमिटीत गेला. आधी तयार नव्हता. पोलीस ठाण्याची पायरी शहाण्याने चढू नये हे आमच्या आजोबांचं वाक्य त्याच्या डोक्यात होतं. पहिल्या काही बैठकांत हिंदू-मुसलमान हा शब्दसुद्धा निघाला नाही, हे तो पुढे कितीतरी वर्षं नवलाने सांगायचा. गटार तुंबलंय. सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) कारखान्यांच्या धुराने वाळत घातलेले कपडे काळे होतात. बीम लादलेल्या हातगाड्या गल्ली अडवतात. रात्रपाळीचा खडखडाट आजाऱ्याला झोपू देत नाही. अमक्याचा मुलगा तमक्याच्या दाराशी उभा राहतो. पोलीस अधिकारी ऐकून घ्यायचा. यातलं निम्मं पोलिसांच्या अखत्यारीतलं नव्हतंच, पण कुणाकडे जायचं ते सांगायचा, कधी स्वतः फोन लावायचा.

माझ्या समजुतीप्रमाणे या प्रकरणाचा कणा इथे आहे. ऐक्यावर चर्चा करायला बसलेली माणसं दोन तट करूनच बसतात, कारण विषयच तो असतो. गटारावर चर्चा करायला बसलेल्या माणसांचे तट गटाराच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे पडतात. मामाचा गटाराच्या बाबतीतला पक्का साथीदार एक मोमीन मास्तर होते, उर्दू शाळेत शिकवणारे. दोघांची घरं एकाच उतारावर होती, पाणी दोघांच्याही दारात यायचं. मामा त्यांना "मास्तरसाहेब" म्हणायचा, ते मामाला "शेठ". शेवटपर्यंत ही दोन्ही संबोधनं तशीच राहिली. गळ्यात गळे घालणारी दोस्ती ती नव्हती. पण रात्री बारा वाजता कुणाचं दार वाजवायचं हे दोघांना माहीत झालं होतं.

आणि पोलीस. मोहल्ल्यात पोलीस तोवर यायचा तो छाप्याला, झडतीला, धरपकडीला. आता तोच पोलीस दर बैठकीला समोर बसून तक्रार ऐकत होता आणि त्याला नावाने ओळखणारी पन्नास घरं झाली होती. मादन आयोगाने ज्या जखमेवर बोट ठेवलं होतं, तिच्यावर हे औषध होतं. वस्तीला पोलीस कळू लागला, पोलिसाला वस्ती. कोण खरंच गुंड आणि कोण नुसता तोंडाळ, हा फरक शिपायाला कळला की दंगलीच्या वेळी तो सरसकट सगळ्या तरुण पोरांना गाडीत कोंबत नाही. त्याने किती राग वाचतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

दंगल वाढते ती अफवेवर. अमुक ठिकाणी बायांना पळवलं, तमुक ठिकाणी मूर्ती फोडली, दुधात विष घातलं. अफवा खोटी पाडायला दोन गोष्टी लागतात. तिकडच्या वस्तीत ओळखीचा माणूस हवा, आणि तो खरं बोलेल असा भरवसा हवा. हा भरवसा तणावाच्या रात्री तयार होत नाही. तो गटाराच्या चार-पाच बैठकांतून आधीच तयार झालेला असावा लागतो.

डिसेंबर

अयोध्येची बातमी आली तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. बदली झाली होती. त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण परीक्षा एका माणसाची नव्हती, त्याने मागे ठेवलेल्या व्यवस्थेची होती. पोळांनी ती व्यवस्था मोडली नाही, वापरली. कमिट्यांची माणसं आपापल्या नाक्यांवर, पोलिसांबरोबर, दिवसरात्र उभी राहिली.

मामाकडून ऐकलं ते असं. मास्तरसाहेब आणि तो, आणखी चार-सहा जणांबरोबर, गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसत. थंडीचे दिवस होते. रेडिओवर मुंबईच्या बातम्या येत. तिसऱ्या का चौथ्या रात्री पलीकडच्या आळीत एकाला मारल्याची आवई उठली आणि पोरं जमू लागली. मास्तरसाहेब आपल्या पोरांसमोर उभे राहिले, मामा आपल्या. दोघांनी एकेक माणूस पाठवला. वीस मिनिटांत दोघेही परत आले : कुणी मेलं नव्हतं, एक म्हातारा घसरून पडला होता. पोरं घरी गेली. यात शौर्य वगैरे काही नव्हतं असं मामाचं म्हणणं. मला मात्र त्या वीस मिनिटांत पोरांनी थांबायचं कबूल केलं हेच मोठं वाटतं. १९८४ ला ती थांबली नसती, कारण पाठवायला माणूस नव्हता आणि परत आलेल्यावर विश्वास नव्हता.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांची तुलना करून एक मुद्दा मांडला आहे. दोन समाज एकमेकांना रस्त्यात भेटतात, सणाला फराळ देतात, एवढ्याने मोठ्या शहरात भागत नाही. दोन्ही समाजांची माणसं ज्यांत एकत्र आहेत अशा संघटना असतील तर राजकारणाने तापवलेलं वातावरण त्या झेलू शकतात. अशा संघटना एरवी पिढ्यांनी घडतात. भिवंडीत त्या जाणीवपूर्वक, चार-पाच वर्षांत आणि पोलिसांच्या पुढाकाराने घडवल्या गेल्या. म्हणून त्यांच्या लेखनात भिवंडीचा दाखला येतो.

मुंबईने हा धडा जळून झाल्यावर घेतला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं. तोवर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यात येऊन राहिली होती. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुंब्र्याच्या काही मुलांचा जन्म मुंब्र्यात का झाला, याचं उत्तर या प्रकरणाच्या उलट बाजूला आहे.

यावर घ्यावेत असे आक्षेप

सगळं श्रेय कमिट्यांना देणं मला पटत नाही. १९८४ मध्ये जे जळालं त्याची भीती ताजी होती. मागवाल्यांनी कर्ज काढून पुन्हा माग उभे केले होते, आणखी एक राख कुणालाच परवडणारी नव्हती. ही थकलेल्या माणसांची शांतताही होती. पण थकवा एकटा पुरेसा असता तर १९७० नंतर १९८४ झालं नसतं. थकव्याला बसायला एक जागा लागते. ती जागा कमिट्यांनी दिली, इतकं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. कमिटी पोलिसांची, तर मग तिच्यातला माणूस वस्तीला खबऱ्या वाटणार नाही का? काही ठिकाणी वाटला असणार. आणि पोलिसांशी ओळख झाली की काही जण त्या ओळखीचंच दुकान मांडतात, हेही आपल्याकडे नवीन नाही. तिसरं : बाया कुठे होत्या? मामाच्या सांगण्यात मामी चहा पाठवण्यापुरती येते. गटाराचं पाणी घरात शिरलं की उपसायची तीच, पण खुर्ची मामाला होती. मी मामीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "आम्हाला विचारलं असतं तर मास्तरीणबाईंकडे मी दोन वर्षं आधीच गेले असते."

मामीचं हे बोलणं आठवलं की मला केनियातलं वजीर आठवतं.

वजीर आणि भिवंडी

वजीर हा केनियाच्या ईशान्येकडचा कोरडा, सोमाली भाषकांचा जिल्हा. तिथल्या लोकांना देशाच्या राजधानीत खरे केनियन मानलं जात नसे. फेब्रुवारी १९८४ मध्ये, म्हणजे भिवंडी पेटण्याच्या तीनच महिने आधी, केनियाच्या सुरक्षा दलांनी वजीरजवळच्या वगल्ला धावपट्टीवर एका कुळाच्या पुरुषांना डांबून मारलं. इथे तर राष्ट्रच बंदूक घेऊन समोर होतं. पुढे नव्वदच्या सुरुवातीला दुष्काळ, सोमालियातून आलेली शस्त्रं आणि निवडणुकीचं राजकारण यांतून तिथल्या कुळाकुळांत रक्तपात सुरू झाला.

सुरुवात बाजारातून झाली. एका कुळाच्या बाया दुसऱ्या कुळाच्या बाईला बाजारात दूध विकू देत नव्हत्या, तिच्याकडून काही घेत नव्हत्या. १९९३ मध्ये काही बायकांनी, त्यांत डेखा इब्राहिम अब्दी होत्या, ठरवलं की निदान बाजार सगळ्यांना खुला राहील. देखरेखीला बायकांचीच समिती नेमली. मग त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, मग तरुणांकडे. त्याच वर्षी वडीलधाऱ्यांनी कुळांमधल्या शांततेचा अल फताह जाहीरनामा केला. दूध विकायला बसण्याच्या जागेपासून तहापर्यंतचा हा प्रवास आणि गटारापासून नाक्यावरच्या खुर्च्यांपर्यंतचा भिवंडीचा प्रवास, यांचं बीज मला एकच दिसतं.

फरक पुढे आहे. वजीरच्या बायकांनी आपलं काम १९९५ मध्ये जिल्हा प्रशासनाच्या समितीशी जोडून घेतलं. नमुना आजूबाजूच्या जिल्ह्यांत गेला. २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हजाराहून अधिक माणसं मारली गेली, तेव्हा अशा जिल्हा शांतता समित्या देशभर करायचं ठरलं. त्याने केनियातला हिंसाचार संपला असं नाही. पण कामाला घर मिळालं. दक्षिण आफ्रिकेतही १४ सप्टेंबर १९९१ च्या राष्ट्रीय शांतता करारात स्थानिक समित्यांची तरतूद लिहूनच ठेवलेली होती; कुणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती सोडलेली नव्हती.

भिवंडीच्या कमिट्यांना असं घर मिळालं नाही. कायद्यात त्यांना स्थान नव्हतं, अर्थसंकल्पात तरतूद नव्हती. नव्या अधिकाऱ्याला त्यात रस असेल तर चालल्या, नसेल तर मंदावल्या. पोलिसांच्या बदल्या होतात, नव्या अधिकाऱ्याला नाव मिळवायला नवं काहीतरी हवं असतं, आणि जे घडलं नाही त्याचं श्रेय कुणाच्या गोपनीय अहवालात चढत नाही. मामा सांगायचा की हळूहळू बैठकीचा निरोप यायचा थांबला. कुणी बंद केल्या नाहीत. फक्त पुन्हा बोलावलं नाही.

५ जुलै २००६

त्याची किंमत २००६ मध्ये दिसली. भिवंडीत क्वार्टर गेटजवळ पोलीस ठाणं बांधायचं ठरलं होतं. ती जागा कब्रस्तानाची असल्याचं तिथल्या मुस्लिम रहिवाशांचं म्हणणं होतं. ५ जुलैला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं.

ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. वस्ती आणि पोलीस यांच्यातला हा संघर्ष होता, म्हणजे कमिट्यांनी जे नातं विणलं होतं नेमकं तेच तुटलेलं होतं. जागेचा वाद ही तर मोहल्ला कमिटीच्या रोजच्या कामातली गोष्ट. गटार, हातगाडी, धूर, आणि त्याच यादीत : साहेब, ही जागा आमच्या कब्रस्तानाची आहे, इथे बांधू नका. एका टेबलाशी, चार बैठकांत, कागद मांडून हे निभावता आलं असतं असं मला वाटतं. मेलेले चौघेही कुणाचे तरी मुलगे होते. त्यांतले दोघे खाकीतले. मी हे प्रकरण शिकवते तेव्हा इथे माझा आवाज दर वर्षी थोडा अडखळतो, आणि मुलांसमोर ते लपवावं असं मला वाटत नाही.

१५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावाने आपले तंटे समितीत बसून मिटवायचे, शासनाने बक्षीस द्यायचं. कल्पना मोहल्ला कमिटीच्या जवळची होती, तिला शासन निर्णयाचा आधार होता, पैसाही होता. पण ती गावांसाठी होती. भिवंडी, मुंब्रा, राबोडी या त्या आखणीत बसत नव्हत्या. जिथे माणसं रोज नवी येतात, जिथे शेजाऱ्याचं गाव कुठलं हे माहीत नसतं, तिथे खरं म्हणजे गरज जास्त.

आजचं काम

मागवाल्या भिवंडीच्या अंगणात आता नाशिक महामार्गालगत गोदामं उभी राहिली आहेत. जिथे अफवा पोचायला रात्र लागायची तिथे ती मोबाइलवर मिनिटात पोचते. वीस मिनिटं थांबा, माणूस पाठवलाय, असं म्हणणारा कुणी मध्ये उभाच राहू शकत नाही. तरी अगदीच अंधार आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरवलं आणि शासनाने ईदची सुट्टी २९ ला केली. कुणावर लादलेलं नव्हतं, बसून ठरलेलं होतं. ही बातमी आतल्या पानांवर एका दिवसात विरून गेली.

या वर्षी मी प्रकरण शिकवून झाल्यावर एक काम दिलं. आपल्या घराच्या भागातल्या बीट हवालदाराचं नाव शोधायचं, आणि आपल्या वस्तीतली मागची शांतता बैठक कधी झाली, कोण कोण आलं होतं, विषय काय होता ते लिहून आणायचं. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांतली मुलं रिकाम्या हाताने आली. त्यांचा पोलिसांशी संबंध पासपोर्टच्या तपासणीपुरता, आणि दाराशी खासगी रखवालदार आहे. राबोडीच्या मुलीने आणलं : बैठक सणाआधी झाली, तिचे चाचा गेले होते, चहा झाला, फोटो काढला. भिवंडीच्या शांतीनगरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हवालदाराचं नाव मला माहीत आहे, पण ते सांगितलं तर वर्गात सगळे विचारतील की तुला कसं माहीत."

मी त्याला नाव विचारलं नाही. राबोडीच्या मुलीला विचारलं की तिच्या गल्लीत पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं. तिने फळ्यावर येऊन चित्र काढलं : नाला, मशिदीची मागची भिंत, गणेश मंडळाचा मंडप बसतो तो कोपरा, त्याच्यामधलं उघडं गटार. शांतीनगरचा मुलगा बाकावरूनच म्हणाला, "आमच्याकडे पण अस्संच आहे." पुढच्या शनिवारी आम्ही राबोडीला जाणार आहोत. तिच्या चाचांना सांगून ठेवलंय, मंडळाच्या अध्यक्षांनाही. मुलीने बजावलंय की तिच्या आईलाही खुर्ची हवी.